शब्द सरकारचा होता, तोंड आमचं : एका आशा स्वयंसेविकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

जून २०२५

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी आशा स्वयंसेविका आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका डोंगरी तालुक्यात गाव आणि दोन वाड्या मिळून अकराशेच्या आसपास माणसं माझ्याकडे आहेत. कुणाला कितवा महिना चालू आहे, कुणाची बीपीची गोळी संपली, कुणाचं पोर डोसाला राहिलं, हे मला वही न उघडता सांगता येतं. आजवर सरकारी कामासाठी पुष्कळ लिहिलं, पण ते सगळं रकान्यांत. सरकारला उद्देशून असं पत्र पहिल्यांदाच लिहितेय. ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

कारण घडलं ते सांगते. गेल्या महिन्यात कोरोनाचे पेशंट पुन्हा सापडायला लागले, तेव्हा आमच्या मासिक सभेत सूचना आल्या. घबराट होऊ देऊ नका. कुणी विचारलं तर साधा सर्दी-ताप आहे म्हणून सांगा. आकड्यांवर बोलू नका. आणि लोकांचा विश्वास संपादन करा. चारही सूचना मी वहीत उतरवल्या. चौथी लिहिताना हात थांबला. गावातल्या माणसाला आकडा सांगायचा नाही, विचारलेल्या प्रश्नाला ठरवून दिलेलं उत्तर द्यायचं, आणि वर त्याचा विश्वास मिळवायचा, हे मला जमणार नाही. एकदा करून बसले आहे. त्याची किंमत अजून फेडतेय.

त्याच मे महिन्यात केंद्र सरकारने २०२१ सालच्या जन्म-मृत्यू नोंदणीचा अहवाल बाहेर काढला, चार वर्षांनी. २०२० मध्ये देशात नोंदवलेले मृत्यू ८१ लाखांच्या घरात होते. २०२१ मध्ये तो आकडा १ कोटी २ लाखांवर गेला. एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ. कोरोनाने गेलेल्यांचा देशाचा अधिकृत आकडा मात्र सगळी वर्षं धरून ५ लाख ३३ हजार. नोंदणी आता पूर्वीपेक्षा चांगली होते, वाढीतला काही भाग त्यामुळे असेल, हे मला कळतं. पण सगळी वाढ त्याने कशी भरून निघेल? माझ्या दोन वाड्यांत २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये किती दिवे लागले, हे मी मोजलंय. आमच्या सभेत या अहवालाचा कुणी उल्लेखसुद्धा केला नाही.

२०२० साली त्या खुर्च्यांवर कोण होतं आणि आज कोण आहे, याच्याशी माझ्या पत्राला कर्तव्य नाही. राज्यात एक सरकार होतं, केंद्रात दुसरं, नंतर राज्यातलं बदललं. माझ्या गावाला त्यातला फरक कळत नाही. गावाला सरकार म्हणजे ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी, अंगणवाडीच्या बाई आणि मी. मंत्रालयातून निघालेला कागद शेवटी आमच्या तोंडून बोलतो. लोकांनी त्या वर्षात ऐकलं ते आमचं ऐकलं. 'सरकार म्हणतंय' म्हणून नाही, 'ती म्हणतेय, तिला विचारू' म्हणून. आम्ही वर्षानुवर्षं बाळंतपणाला रात्री-अपरात्री जीपमध्ये बसून जमवलेला हा शब्द होता. तो सरकारने आमच्याकडून हातउसना घेतला. घेतल्याबद्दल तक्रार नाही, साथीत घ्यायलाच हवा होता. तक्रार आहे ती वापरला कसा याची.

सुरुवात २४ मार्च २०२० च्या रात्रीपासून करते. आठ वाजता घोषणा, बारापासून सगळं बंद. मधे चार तास. आमच्या घरटी एक माणूस मुंबईत आहे, कुणी माथाडी, कुणी हॉटेलात, कुणी गिरणगावातल्या जुन्या खोलीत. त्या चार तासांत त्यांनी काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. मग ते चालत, ट्रकमध्ये ताडपत्रीखाली, दुधाच्या टेम्पोत बसून आले. इकडे गावाने वेशीवर बोराट्या आणि दगड टाकून रस्ता बंद केलेला. ज्यांच्या पैशांवर गावाचं देऊळ उभं राहिलं, त्यांनाच गाव आत घेईना. शाळेच्या दोन खोल्यांत त्यांची सोय करायची, नावं लिहायची आणि रोज ताप मोजायचा हे काम माझ्याकडे आलं. हातात वही आणि ओढणी. मास्क मी घरी शिवला. मशीन मिळायच्या आधी ताप हाताने बघितला.

शाळेतल्या त्या माणसांना मी रोज सांगत होते, सरकारने तुमची काळजी केलीय, चौदा दिवस काढा. आठ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ती बातमी शाळेत सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. त्या दिवशी ताप मोजताना एकानेही माझ्याशी बोलायला तोंड उघडलं नाही. सप्टेंबरात संसदेत सांगण्यात आलं, की परतीच्या वाटेवर किती मजूर मेले याची माहिती सरकारकडे नाही. ही माहिती नसण्याने काय झालं, ते मंत्रालयात दिसलं नसेल. शाळेच्या ओसरीवर दिसलं.

आता भीतीबद्दल. आजाराची भीती लोकांना होतीच, ती स्वाभाविक. पण लोक आजार लपवू लागले ते आजाराच्या भीतीने नाही. हातावर शिक्का, दारावर कागद, गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे, घरासमोर ॲम्ब्युलन्सचा आवाज, आणि दुसऱ्या दिवशी दूध घालायला कुणी यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने दारावर असे कागद चिकटवू नयेत म्हणून सांगितलं ते ९ डिसेंबर २०२० ला. तोवर नऊ महिने झाले होते. आमच्या वाडीत एक आजी होती, सत्तरीची. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणात मी ऑक्सिमीटर घेऊन दारात गेले, तर ती चुलीपाशी पाठमोरी बसलेली. बोलेना. जवळ गेले तेव्हा दिसलं, पदराचा बोळा करून तिने तोंडात कोंबला होता. खोकला दाबत होती. डोळ्यांतून पाणी, मानेच्या शिरा ताठ. मला बघून तिने हात जोडले. त्या बाईचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा माझी सासू तिच्या उशाशी होती, आणि मी दारात आले तर तिने माझ्यापुढे हात जोडले. बोट मशीनमध्ये घातलं, ९१ आलं. मला तिला पाठवावंच लागलं. ती बरी होऊन आली, देवाची कृपा. पण नंतर तिने मला कधी चहा विचारला नाही.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा रँड साहेबाची माणसं बुटांसकट माजघरात शिरली. लोकांनी आजारी माणसं माळ्यावर आणि धान्याच्या कणगीमागे लपवली. रँडचा शेवट कसा झाला ते शाळेच्या पुस्तकात आहे. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. साताऱ्याच्या नायगावची ती लेक प्लेग झालेलं पोर पाठीवर घालून आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेली आणि त्यातच तिला प्लेग झाला. एकाच शहरात, एकाच साथीत, एकाला बघून लोक दार लावत होते आणि एकीच्या पाठीवर पोर देत होते. कायदा मात्र आपण १८९७ चाच काढला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू केलेला साथरोग कायदा तोच, इंग्रजांनी प्लेगसाठी केलेला. त्यात सरकारला काय करता येईल ते सगळं आहे. लोकांना काय सांगायला सरकार बांधील आहे, याबद्दल एक ओळ नाही. सव्वाशे वर्षांत ती घालावीशी कुणाला वाटली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मे २०२१ अखेर राज्यातल्या १८ जिल्ह्यांत घरी विलगीकरण बंद केलं. आमचा जिल्हा त्यात होता. कारण रास्त असेल, घरात राहून पेशंट फिरत होते. पण तोवर दोन महिने मीच घरोघर सांगत होते, की घाबरू नका, टेस्ट करा, पॉझिटिव्ह आलात तरी घरीच राहता येईल. एका रात्रीत माझं बोलणं खोटं ठरलं. त्या आठवड्यात माझ्याकडे तपासणीला यायला एक माणूस तयार होईना. मेडिकलमधून गोळ्या आणून लोक घरात पडून राहिले. निर्णय बदलतो, साथ नवी असली की बदलणारच. पण बदलला तर का बदलला हे चार ओळींत, मराठीत, आम्हाला एक दिवस आधी मिळालं असतं, तर मी तोंड घेऊन दारात उभी राहू शकले असते.

अफवांबद्दल आम्हाला फार बोलणी खावी लागली. अफवा थांबवा, प्रबोधन करा. 'सरकारला एका पेशंटमागे दीड लाख मिळतात', 'दवाखान्यात नेलं की किडनी काढतात', हे मी रोज ऐकत होते आणि रोज खोडत होते. पण ते लोकांना खरं का वाटत होतं? माणूस चालत गाडीत बसला, आठ दिवसांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी परस्पर जाळलं, तोंड दाखवलं नाही, राख दिली आणि सोबत बिल. मधल्या आठ दिवसांत काय झालं हे सांगायला कुणी नाही. त्या रिकाम्या जागेत अफवा बसणारच. राज्याने खाजगी दवाखान्यांचे दर २१ मे २०२० ला ठरवून दिले होते, साध्या बेडला दिवसाला ४ हजार, आयसीयूला साडेसात हजार, व्हेंटिलेटरला ९ हजार. हा निर्णय चांगला होता आणि मी तो मनापासून मानते. पण ते दरपत्रक माझ्या गावात एकाही माणसाने पाहिलं नव्हतं. लोकांनी वावरं गहाण टाकून बिलं भरली आणि दर ठरलेले होते हे त्यांना वर्षाने कळलं.

सरकारवरचा माझा विश्वास सगळ्यात जास्त वाढला तो दिवसही मला आठवतो. १६ जून २०२०. राज्याने जाहीर केलं, की आधी नोंदवायचे राहून गेलेले १,३२८ मृत्यू आम्ही आकड्यात धरत आहोत, त्यातले ८६२ एकट्या मुंबईतले. टीव्हीवर त्या दिवशी मोठा गदारोळ झाला. माझे मालक म्हणाले, बघा, लपवलं होतं. मला उलट वाटलं. चुकलं होतं ते सरकारने स्वतः सांगितलं, म्हणजे उद्याचा आकडा धरता येईल. गावात मी छातीठोकपणे म्हणाले, सरकार मोजतंय. चूक कबूल केली की माणूस लहान होतो असं वरच्या लोकांना वाटत असावं. खाली तसं कुणाला वाटत नाही. ज्या सुईणीने 'मला हे जमत नाही, दवाखान्यात न्या' म्हटलं, तिच्याकडे बाया पुन्हा जातात.

म्हणून वर्षभराने जे झालं ते जास्त लागलं. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा थांबला आणि ऑक्सिजनवर असलेली बावीस माणसं त्या दिवशी गेली. त्या महिन्यात सिलिंडरसाठी धावाधाव केली नाही असं गाव राज्यात सापडणार नाही. २० जुलैला राज्यसभेत उत्तर आलं, की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेली नाही. केंद्राने राज्यांकडे बोट दाखवलं आणि राज्यांकडे सांगायला काही नव्हतं. कागदोपत्री ते बरोबर असेल. मृत्यूच्या दाखल्यावर 'ऑक्सिजन मिळाला नाही' असा रकाना नसतोच. पण ज्याने बापाला पालथं झोपवून रात्रभर सिलिंडरचा काटा खाली जाताना पाहिला, त्याला हे उत्तर मी कोणत्या तोंडाने समजावू?

आता माझ्या घरचं.

माझा चुलत दीर टेम्पो चालवायचा, एक्केचाळीस वर्षांचा. एप्रिल २०२१ मध्ये ताप आला. चौथ्या दिवशी ऑक्सिजन ८८. त्याची आई दारात आडवी झाली, दवाखान्यात नेऊ नका, तिथनं माणूस परत येत नाही. मी म्हणाले, काकू, मी आहे ना, मी सांगतेय, जाऊ द्या. ती बाजूला झाली. माझ्यासाठी झाली. त्याला त्याच्याच टेम्पोच्या हौद्यात गादी टाकून नेला. अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह आली, पण सीटी स्कॅनमध्ये स्कोअर १८, म्हणजे फुप्फुसं बरीच धरलेली. दुसऱ्या टेस्टसाठी स्वॅब घेतला, त्याचा रिपोर्ट आजतागायत आला नाही. तीन दवाखान्यांत बेड नव्हता. चौथ्याच्या फाटकात, हौद्यातच, माझ्या जावेच्या मांडीवर तो गेला. मी टेम्पोच्या फाळक्याला धरून उभी होते आणि हेल्पलाइनचा नंबर लावत होते. फोन लागत होता, कुणी उचलत नव्हतं.

दाखल्यावर कारण लिहिलं न्यूमोनिया. मदतीचं म्हणाल तर १४ मार्च २०२० ला केंद्राने कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना आधी ४ लाखांची मदत लिहिली आणि त्याच दिवशी तो आदेश बदलून ती काढली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला मार्गदर्शक सूचना करायला लावल्या, तेव्हा ५० हजार ठरले. डिसेंबरात मीच जावेचा अर्ज भरला. उत्तर आलं, 'कोविड पॉझिटिव्ह अहवाल जोडलेला नाही.' नियमात तर लिहिलंय, की डॉक्टरांनी तपासून कोविड ठरवला असेल तरी धरायचं, आणि वाद असेल तर जिल्हा समितीने उपचाराचे कागद बघायचे. आम्ही सीटीचा रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी, सगळं जोडलं. तीन वेळा एसटीने जिल्ह्याला गेलो. तिसऱ्या वेळी खिडकीतून सांगितलं, पोर्टल बंद झालं.

जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जी आकडेवारी आली त्यात महाराष्ट्राने नोंदवलेले मृत्यू १ लाख ४१ हजारांच्या घरात होते आणि मदतीसाठी आलेले अर्ज २ लाख १३ हजारांवर. काही दुबार असतील, काही खोटेही असतील. पण मधल्या त्या हजारो अर्जांमध्ये माझी जाऊ आहे. तिला पन्नास हजारांपेक्षा एक गोष्ट जास्त हवी होती. तो कोरोनाने गेला, हे सरकारने म्हणावं. सासरची माणसं अजून म्हणतात, दारू पीत होता म्हणून गेला. दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. पाण्यावर भेटलो तरी कळशी उचलून जायची. एकदाच बोलली, 'तू म्हणालीस म्हणून नेला.'

महोदय, एवढं वाक्य मी या पत्रात आपल्याकडे पोहोचवते आहे. ते मला उद्देशून होतं, पण ते माझं एकटीचं नाही.

लसीचं थोडक्यात सांगते. लस पुण्यात तयार होत होती, आमच्यापासून काही तासांवर, याचा आम्हाला अभिमान होता. मी कार्डावर दुसऱ्या डोसाची तारीख अठ्ठावीस दिवसांनी लिहून दिली. मार्चमध्ये ते सहा ते आठ आठवडे झालं, १३ मेला बारा ते सोळा आठवडे. अंतर वाढवलं की लस जास्त चांगली लागू पडते असं परदेशातल्या अभ्यासात दिसलं होतं, हे मला नंतर वाचून कळलं. लसीचा तुटवडाही त्याच वेळी होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही सांगता आल्या असत्या. आम्हाला फक्त नवी तारीख कळली. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना सुरू केलं, १२ मेला राज्याने ते थांबवलं. मधल्या दहा-बारा दिवसांत आमच्या केंद्रावर पहाटे पाचपासून म्हातारी माणसं चपला रांगेत ठेवून बसायची, आणि मोबाइलवर नंबर लावलेली शहरातली पोरं गाडीतून येऊन लस घेऊन जायची. त्या पोरांचा दोष नाही, त्यांनाही जीव आहे. पण आमच्या म्हाताऱ्यांना 'आज संपली' हे सांगायला मला पुढे केलं. चौथ्या दिवशी एका आज्याने माझ्या अंगावर काठी उगारली. मारली नाही.

आमच्याबद्दल जास्त लिहीत नाही, तो विषय वेगळा आहे. कोरोनाच्या कामाचा केंद्राचा भत्ता महिन्याला हजार रुपये होता. जून २०२१ मध्ये आम्हाला संप करावा लागला, तेव्हा मानधनात हजार आणि कोविड भत्त्यात पाचशे वाढले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला. मी त्या बातमीचं कात्रण जपून ठेवलंय. मला अभिमान आहे त्याचा.

आणि चांगलं झालं तेही लिहिलं पाहिजे. धारावीत एवढ्या दाटीत साथ आटोक्यात आली, कारण तिथे घरोघर जाऊन आजारी माणूस लवकर शोधला आणि तिथल्याच डॉक्टरांना सोबत घेतलं. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्याने दुसरी लाट यायच्या आत ऑक्सिजनचे प्लांट उभे केले. हिवरे बाजारात गावाने स्वतः पथकं केली. तिन्ही ठिकाणी सरकार होतंच, पण समोर येऊन बोलणारं. म्हणजे हे जमतं. म्हणूनच माझ्या मागण्या अशक्य नाहीत असं मी समजते.

पहिली मागणी. प्रत्येक ग्रामपंचायतीत मृत्यूंची नोंदवही आहे. २०१८ पासून २०२२ पर्यंत कोणत्या महिन्यात किती मृत्यू नोंदवले, हे गावनिहाय जाहीर करा आणि ग्रामसभेत वाचा. नावं नकोत, आकडे. नवी समिती नको, नवा सर्वे नको. वही आहे, ती उघडायची आहे.

दुसरी. ज्यांचे अर्ज केवळ पॉझिटिव्ह रिपोर्ट नाही म्हणून फेटाळले, ते पुन्हा उघडा. एप्रिल-मे २०२१ मध्ये प्रयोगशाळांवर भार होता, स्वॅबचे रिपोर्ट हरवले, ही चूक मेलेल्या माणसाची नव्हती. तालुक्याच्या ठिकाणी सुनावणी घ्या, सीटी स्कॅन आणि औषधाच्या चिठ्ठ्या धरा. पैसे द्यायला वेळ लागणार असेल तर लागू द्या, दाखल्यावरचं कारण आधी दुरुस्त करा.

तिसरी. साथीच्या काळात जो आदेश निघेल, त्यासोबत कारण लिहा. साध्या मराठीत, एका पानात. आज काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही, पुन्हा विचार कधी करणार. आदेश बदलला तर 'बदलला' असं म्हणा. आणि ते पान लोकांच्या व्हॉट्सॲपवर यायच्या आधी आमच्या हातात द्या.

चौथी. आकडे बोलायला आम्हाला बंदी घालू नका. माझ्या गावात किती पॉझिटिव्ह आहेत, हे कुणाचं नाव न घेता मला सांगता आलं पाहिजे. आणि माहीत नसेल तर 'माहीत नाही, विचारून सांगते' असं म्हणायची मुभा लेखी द्या.

पाचवी. दारावर कागद, हातावर शिक्का, नावांची यादी, हे पुन्हा होणार नाही असं आत्ताच, साथ नसताना जाहीर करा.

२०२१ मध्ये ठिकठिकाणी ऑक्सिजनचे प्लांट बसवले. त्यातले कोणते आज चालू आहेत, शेवटची चाचणी कधी झाली, याचा फलक त्या त्या दवाखान्याच्या फाटकावर लावा. तसंच खाजगी दवाखान्यांची किती बिलं तपासली, किती पैसे लोकांना परत मिळाले, याचा जिल्हानिहाय हिशेब द्या. आणि १८९७ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा करताना, लोकांना खरी माहिती वेळेवर मिळण्याचा हक्क त्यात लिहा.

एवढं झालं तर पुढच्या सभेत 'विश्वास संपादन करा' हे वाक्य मी न अडखळता लिहून घेईन.

जावेच्या अर्जाची, सीटीच्या रिपोर्टची आणि फेटाळल्याच्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तिची परवानगी घेतली आहे. मी हे पत्र लिहितेय म्हटल्यावर काल ती स्वतःहून घरी आली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चार वर्षं जपलेले कागद माझ्यापुढे ठेवून गेली. झेरॉक्सवरची नावं मी पांढऱ्या कागदाने झाकली आहेत. मूळ कागद माझ्या पेटीत आहेत. कुणी बघायला येणार असेल तर कोणत्याही दिवशी यावं, मी गावातच असते.

आपल्या उत्तराची वाट बघते. उत्तर मला एकटीला पाठवू नका. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवीन.

आपली,
एक आशा स्वयंसेविका

सोबत : वर लिहिल्याप्रमाणे तीन झेरॉक्स